अंबूबाईंनी सोडलेली पाळी

१४ जुलै २००४. जीव दोन, हृदयाचे काम अंगावर घेणारे यंत्र एक.

राजारामपुरीतील एका रुग्णालयात त्या सकाळी ते यंत्र अंबूबाईंसाठी सज्ज होते. राधानगरीकडच्या या शेतकरी बाईंच्या हृदयाची झडप आक्रसली होती. शस्त्रक्रिया नऊला ठरली होती. आठ वाजता कागलच्या एमआयडीसीतला कामगार शिवकुमार तिथे आणला गेला. प्लास्टर घातलेल्या पायात धरलेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली होती. गुठळी विरघळवणारे औषध सुरू झाले. पण त्याचा गुण येईपर्यंत हृदय टिकणार नव्हते. तेवढा वेळ यंत्रच हवे होते.

डॉक्टरांनी अंबूबाईंना विचारले, "तुमचं पंधरा दिवसांनी करू. चालेल?"

दाराशी शिवकुमारची आई, रत्नव्वा, उभ्या होत्या. मागण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते.

"घ्या की," अंबूबाई म्हणाल्या.

नवरा गुंडू उसळला. "खुळी हायस काय? चार म्हैनं थांबलोय न्हवं!"

"पाटाच्या पाण्याची पाळी सोडतोच की दुसऱ्याला. त्येचं पीक वाळाय लागलंय, आपलं अजून हिरवं हाय."

"ह्यो काय पाट हाय व्हय?"

"यंत्राला नळ्या तर दिसत्यात की!"

"फुडची पाळी तुमचीच, आक्का," रत्नव्वा कशाबशा म्हणाल्या.

यंत्र तीस तास चालले. औषधाने पातळ झालेले रक्त नळ्यांच्या कडेने पाझरत राहिले. गुठळी मात्र विरघळली. शिवकुमार जगला.

पाटावर कोणी पाळी सोडली हे पाटकरी ध्यानात ठेवतो आणि पुढचे पाणी आधी त्याच्या शेतात सोडतो. रुग्णालयात हे ध्यानात ठेवणे कोणाचेच काम नव्हते. नव्या यादीत अंबूबाईंचे नाव सर्वांत शेवटी गेले, जणू त्या कालच आल्या होत्या. पंधरा दिवस सरले, महिना सरला. गुंडू चौकशीला गेला नाही. सोडलेली पाळी मागायला जाणे त्यांच्या गावात कमीपणाचे मानतात. ती न मागताच परत येते.

२ सप्टेंबरला अंबूबाई घरीच वारल्या. शस्त्रक्रियेसाठी या, हा रुग्णालयाचा निरोप त्यानंतर सहा दिवसांनी आला.

अंबूबाईंच्या कृतीला त्याग म्हणणे आपल्याला सोयीचे आहे, कारण त्याग परत करावा लागत नाही. त्यांनी त्याग केला नव्हता. त्यांनी पाळी सोडली होती, परत मिळेल या खात्रीने.

शिवकुमार कामावर जातो. अंबूबाईंची पाळी कोणी परत केलेली नाही.