चीक काचेसारखा होईपर्यंत

यंदा कुरडया करायच्या नाहीत, असं ताईनं एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी सात वाजता फोन करून जाहीर केलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, भाऊजी गेल्यापासून एकटी राहणारी, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी माझ्या गच्चीवर दोन्ही घरांच्या वर्षभराच्या कुरडया करतो. गहू तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटणं, गाळणं, घोटणं ही सगळी हमाली माझी. चीक शिजला की नाही, एवढं सांगणं तिचं. हे तिनं स्वतःच ठरवून घेतलंय, माझी परवानगी न विचारता.

"का गं? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय. पण वर्षभराचं करून ठेवायचं म्हणतेस, तर वर्ष तरी शिल्लक आहे का?"

मी घड्याळ बघितलं. सात वाजून चार मिनिटं. चहा व्हायच्या आत जग बुडवणं हे फक्त भूगोलाच्या बाईंनाच जमतं.

गेलं वर्षभर हे चाललं होतं. ताई दिवसभर मोबाइलवर बातम्या वाचायची. युद्धं, वितळणारा बर्फ, कुठल्यातरी बेटावरचं पाणी. तिच्या मोबाइलवरची अक्षरं इतकी मोठी केलेली की पडद्यावर चार शब्द मावायचे. मथळा अर्धा वाचून व्हायचा तोवर तिचा धीर सुटायचा, मग पुढची बातमी. मी एकदा तिला म्हटलं, निदान वाक्य तरी पुरं वाच, शेवटी कोणीतरी जिवंत वाचलेलं असतं. ती म्हणाली, "तू ऑफिसात फॉर्म तपासतेस, तुला सगळं रकान्यात बसतंय असं वाटतं."

ते खरं आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासते. बातम्या मीही वाचते, पण उभ्यानं. बसून वाचल्या की तास जातो आणि उठताना गुडघे दुखतात. उभ्यानं दहा मिनिटांत जगाचं जे व्हायचं ते होऊन जातं आणि कुकर लावता येतो. जग सुधारेल असं मला वाटतं का? नाही. गेल्या वर्षी सायखेड्याला मावसभावाच्या मळ्यावर गेले होते, मार्चमध्ये गारा पडलेल्या मी स्वतः झाडूनं लोटल्यात. पण गहू भिजायला तीन दिवस लागतात, आणि तीन दिवसांपुरता भरवसा माझ्याकडे असतो. त्याहून जास्त मी कधी साठवलाच नाही.

कुरडया नाही तर नाही, असं म्हणून मी विषय सोडलाही असता. पण त्याच दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यातून मला फोन आला. ताईनं नातेवाईक म्हणून माझा नंबर दिलेला होता.

"मॅडम, तुमच्या ताईंनी ऑपरेशनची तारीख रद्द केलीय. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कळवा."

"का रद्द केली?"

काउंटरवरची मुलगी जरा घुटमळली. "त्या म्हणाल्या, आता बघण्यासारखं काही उरलं नाही."

ताईचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि मोतीबिंदू उजव्यातच. तो पिकलाय, आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, हे डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं. म्हणजे जगाचं राहू द्या, ताईच्या उजेडाचा प्रश्न होता.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती खिडकीपाशी मोबाइल नाकाला लावून बसली होती.

"तारीख का रद्द केलीस?"

"तूच सांग, काय बघायचंय? पन्नास वर्षांनी ह्या गोदावरीला पाणी असेल?"

"पन्नास वर्षांनी तू असशील का?"

"माझं नाही गं, मुलांचं."

"मुलांना दिसतंय की. त्यांचे डोळे चांगले आहेत."

"तुला कळत नाही. रविवारी विहारात भन्तेजींनी काय सांगितलं? सगळं अनित्य आहे."

"मग मोतीबिंदू पण अनित्य करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या बाजूच्या कपाटाकडे पाहिलं, पण राग माझ्यावरचा होता. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिचे मुद्दे बरोबर असतात. बर्फ वितळतोय हे मी कसं खोडून काढणार? मी चहा करून दिला, तिच्या कपाटात लपवलेली शेव अर्धी संपवली आणि घरी येऊन चार किलो गहू भिजत घातले.

तिसऱ्या दिवशी गहू वाटून, गाळून चीक निवळायला ठेवला आणि मग तिला फोन केला.

"ताई, उद्या सकाळी चीक शिजवतेय. तू नसशील, म्हणून मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ बघून करते."



"ती बाई त्यात कॉर्नफ्लोअर घालते," मीच पुढे म्हटलं. "म्हणते, कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात."

"कुठली आहे ही बाई?"

"पुण्याची असावी."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला रिक्षा दारात. माझे यजमान दात घासत होते. ते म्हणाले, "काय ताई, जग बुडायचं थांबलं का?"

"बुडू दे," ताई म्हणाली. "पण कॉर्नफ्लोअर घालून नाही."

इथपर्यंत माझी चाल सरळ होती. ती आली, घरात माणसं बघेल, कामाला लागेल, दुपारी जेवताना मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढेन. पुढचं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. नंतर माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, पण खरंच नव्हतं.

गच्चीवरच्या शेगडीवर पातेलं, त्यात उकळतं पाणी, मीठ, हिंग. मी एका हातानं चीक ओतत होते, दुसऱ्या हातानं दांडा फिरवत होते. ताई पातेल्यापाशी पाटावर. चीक आधी दुधासारखा पांढरा असतो. शिजत आला की घट्ट होतो, हात भरून येतात, आणि मग तो काचेसारखा दिसायला लागतो. आपल्याकडे ह्याला घड्याळ नाही, माप नाही. ताई बघणार आणि म्हणणार, झाला. तीसेक वर्षांत तिचं एकदाही चुकलं नव्हतं.

"झाला," ताई म्हणाली. "उतरव."

मी पातेल्यात बघितलं. चीक पांढरा होता. नुसता पांढरा नाही, चुन्यासारखा. अजून बारा-पंधरा मिनिटं तरी हवी होती.

"नक्की?"

"मला शिकवतेस? काचेसारखा दिसतोय चांगला. उतरव."

मोतीबिंदूमागून तिला सगळंच काचेसारखं दिसत होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, ताई, कच्चा आहे. आणि मी तोंड मिटलं, फडकं घेतलं आणि पातेलं उतरवलं. चार किलो गहू! आमच्या आईनं पाहिलं असतं तर त्याच दांड्यानं मला झोडलं असतं.

सोऱ्यातून कुरडया पाडल्या. दिसायला ठीक होत्या. ताई सावलीत बसून आणखी एक महासागर तापल्याची बातमी मोठ्यानं वाचत होती. दुपारी जेवून, ऑपरेशनचा विषय निघताच "मला झोप आलीय" म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन आपला वाटा न्यायला आली. गच्चीवर चढली आणि पहिली कुरडई उचलली. ती हातात मोडली. दुसरीही मोडली. मग तिनं खाली बसून प्लास्टिकवर तळहात फिरवला. सगळा भुगा.

चिमूटभर भुगा बोटांत चोळला. मग म्हणाली, "कच्चा होता."

"हो."

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, बघण्यासारखं काही उरलं नाही. मला वाटलं, चीकही त्यातच आला."

तिनं डबा उचलला आणि खाली उतरली. जाताना एकेक पायरी पायानं चाचपत होती. रिक्षात बसताना माझा हात झटकला.

दोन दिवस तिचा फोन नाही. पहिल्या दिवशी मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी नव्हते. तिच्या हातात तेवढी एकच गोष्ट उरली होती जी ती डोळे मिटून करेल असं सगळे म्हणायचे, आणि ती मी तिच्यासमोर मोडून दाखवली होती. आता ती म्हणाली असती, बघ, मीही संपले, तर मी काय उत्तर देणार होते? ऑफिसात मी एक फॉर्म तीन वेळा तपासला. दोनदा मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. माफी मागायची म्हटली तर मागायची कशाची, हेही धड कळेना.

घरात भुग्याची भाजी चालू होती. कांदा घालून, मिरची घालून, डब्याला, जेवायला. चौथ्या वेळी यजमान ताटाकडे बघत म्हणाले, "जगाची काळजी तुम्हा दोघींना. भुगा मी का खातोय?"

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"दवाखान्यात कधी जायचं असतं? उपाशीपोटी जायचं का खाऊन?"

"विचारून सांगते."

"आणि चार किलो गव्हाचं पाप तुझ्या डोक्यावर. माझ्या नाही."

"चालेल."

"चालेल काय! निर्लज्ज."

मला इतकं हायसं वाटलं की मी भाजी पुन्हा वाढून घेतली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बुद्धपौर्णिमेला खिरीसोबत मी बाजारच्या कुरडया तळल्या. ताईनं एक उचलून उजेडात धरली, नव्या डोळ्यानं नीट न्याहाळली, "ह्यात सोडा आहे" म्हणाली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. मोबाइलची अक्षरं तिनं आता लहान केली होती. मी विचारलं, कशा आहेत बातम्या?

"आता अख्खी बातमी दिसते," ती म्हणाली. "वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आहे."

"मग?"

"मग काय. पाऊस यायला दोन आठवडे आहेत. गहू भिजत घाल. सहा किलो घाल."

"सहा? नेहमी तर चार करतो."

"पुढच्या वर्षाचा काय भरवसा आहे? जास्तीच्या असू देत."

तिचं गणित मला अजून कळलेलं नाही. जग बुडणार म्हणून चार किलो करायचे नव्हते, आणि आता जग बुडणारच म्हणून सहा.

डॉक्टरांनी तिला शेगडीची धग लागू द्यायची नाही असं सांगितलं होतं. म्हणून गच्चीच्या दारात खुर्ची टाकून, मोठा काळा चष्मा लावून, ती सिनेमातल्या स्मगलरसारखी बसली. मी घोटत होते. सहा किलोंचा चीक म्हणजे खांदे निखळतात. आसपासच्या गच्च्यांवर बायकांनी आपापली वाळवणं घातली होती. त्यातली एक ओरडून म्हणाली, "मावशी, किती उशीर केलात यंदा!"

"पहिल्या खेपेला मदतनीस चांगली मिळाली नाही," ताईनं तिला ओरडून सांगितलं.

मी दांडा फिरवत राहिले. "झाला का?"

"अजून नाही."

"ताई, हात तुटले."

"तुटू देत. अजून नाही. ढवळ, तळाला धरतोय. त्या डाव्या बाजूला गुठळी आहे. तुला दिसत नाही का?"

मला दिसत नव्हती. वाकून बघितली तर होती. चिंचोक्याएवढी.

"अजून नाही," ती म्हणाली. चष्मा कपाळावर चढवून ती खुर्चीतून पुढे झुकली होती. "अजून नाही. थांब. थांब. आता. उतरव."

ह्या वेळी मी पातेल्यात बघितलंच नाही. फडकं घेतलं आणि उतरवलं.