अलिबागच्या वाऱ्यावर मोजलेला महाडचा उन्हाळा

“महाडमध्ये रूम हीटर किती असतील, साळवी मॅडम?”

विचारणारे गृहस्थ अगदी गंभीर होते. त्यांचं नाव देवधर. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीतून आले होते. आम्ही सर्कल ऑफिसच्या मीटिंग हॉलमध्ये बसलो होतो. एसी इतका वाढवलेला की मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता.

“एकही नाही,” मी म्हटलं. “थंडी पडली तर लोक शेकोटी करतात. ती मीटरवर चालत नाही.”

“पण कॉलम रिकामा ठेवता येत नाही.”

“मग शून्य लिहा.”

“शून्य लिहिलं की फॉर्म्युला अडकतो, मॅडम.”

शेवटी त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा आकडा तिथे चिकटवला आणि पुढे गेले. त्याच क्षणी मला कळलं की हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणार आहे. फक्त शेळ्या माझ्या होत्या.

मी तेव्हा महाडला वीज कंपनीत उपकार्यकारी अभियंता होते. महाड शहर आणि पोलादपूरच्या बाजूची गावं माझ्याकडे. आमच्या सबस्टेशनला एक मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला होता. जुना दर उन्हाळ्यात धापा टाकायचा. नवा त्या उन्हाळ्याआधी बसायचा, असं ठरलं होतं. तेवढ्यात वरून हुकूम आला, की आधी अभ्यास करा. शहराला गारव्यासाठी आणि उबेसाठी गेल्या कित्येक वर्षांत किती वीज लागत आली आणि पुढे किती लागेल, तो कल शोधा. मग ट्रान्सफॉर्मर कुठे द्यायचा ते ठरवू.

अभ्यासाला माझी ना नव्हती. अभ्यास म्हणून जे काय समोर आलं त्याला होती.

देवधरांनी पडद्यावर महाडचा आलेख लावला. जवळजवळ सपाट. “कूलिंग डिमांड स्टेबल आहे,” ते म्हणाले. आता ही कूलिंग डिमांड मोजतात कशी, ते सोप्या भाषेत सांगते. एक तापमान ठरवायचं, ज्याच्या वर गेलं की माणूस पंखा, कूलर, एसी लावतो. दिवसाचं सरासरी तापमान त्या रेषेच्या किती वर गेलं ते बघायचं आणि वर्षभराची बेरीज करायची. बेरीज मोठी, तर गाव जास्त तापतं आणि जास्त वीज मागतं. अशा अनेक वर्षांच्या बेरजा शेजारी शेजारी ठेवल्या की कल दिसतो. पद्धत चांगली आहे. थर्मामीटर कुठला, एवढंच विचारायचं असतं.

“तापमान कुठलं घेतलंत?” मी विचारलं.

“अलिबागचं. डिस्ट्रिक्ट हेडक्वार्टर. रेकॉर्ड सलग आहे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, सगळ्यांनी बघितला. अलिबाग समुद्रावर. दुपार झाली की तिथे खारा वारा सुटतो. महाड आत, चारही बाजूंनी डोंगर. मे महिन्यात इथे पान हलत नाही. समुद्र आमच्याकडे फारसा काही पाठवत नाही. पावसाळ्यात भरतीला सावित्री नदीचं पाणी अडवून धरतो, तेवढीच काय ती ओळख. पण जिल्हा एक, म्हणून हवा एक. असं असेल तर पाचाडची भातशेती आणि अलिबागची मासळी एकाच पाटीत विकायला हरकत नसावी.

आमचे अधीक्षक अभियंता, सगळे ज्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचे, ते खाकरले. “मॅडम, मुद्द्यावर या. रिपोर्टप्रमाणे महाडला निकड नाही. पोलादपूर तालुक्याची तर लोकसंख्याच घटते आहे. हा ट्रान्सफॉर्मर किनाऱ्यावर रिसॉर्टच्या भागात जास्त उपयोगी पडेल. तुमची सहमतीची सही लागेल.”

म्हणजे आंधळं दळत होतं आणि पीठ कोण खाणार तेही ठरलेलं होतं.

“सही करते,” मी म्हटलं. “देवधरांनी मे महिन्यात एक दिवस महाडला यावं. दुपारी. मग करते.”

“तुम्ही अडवणूक करताय.”

“हो, साहेब.”

मी काही शूर बाई नाही. माझ्या डोळ्यांसमोर डॉ. स्मिता शेठ यांचं डायलिसिस सेंटर होतं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे मशीनमधून गाळून परत देतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी काही तास. सकाळची पाळी शहरातल्या लोकांची. दुपारची पोलादपूरकडच्या गावांची, कारण तिकडची एसटी महाडला पोचेपर्यंत सकाळ संपलेली असते. आणि दुपारीच आमचं व्होल्टेज पडायचं. डॉक्टरबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “यंदाही असंच झालं तर दुपारची पाळी बंद करणार. अर्धवट उपचार करून मी माणसं मारणार नाही.” पाळी बंद झाली असती तर त्या लोकांना मुंबई-पुणे गाठावं लागलं असतं, आठवड्यातून तीनदा.

देवधर मेमध्ये आले. येणार नाहीत असं मला वाटलं होतं, एवढं श्रेय त्यांना देते. बाजारपेठेतल्या एका लॉजवर मी त्यांची खोली सांगून ठेवली. सर्वात वरची, एसी रूम. मुद्दामच.

महाडात पुराचं पाणी घरात, दुकानात शिरतं. एकदा शिरलं की माणूस धडा घेतो. आमच्या लोकांनी असा घेतला की माल वर, गादी वर, फ्रिज वर, देवसुद्धा वर. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा केला, वर पत्रे ठोकले, बाजूने विटा लावल्या, झाली खोली. तळमजला पाण्यासाठी मोकळा. पाण्याच्या भीतीने अख्खी बाजारपेठ एक मजला वर सरकली आणि सरळ उन्हाच्या तोंडी गेली. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून एसी. एका खोलीला एक पुरत नाही, म्हणून दोन. देवधरांच्या हिशेबात यातली एकही खोली नव्हती. त्यांनी बांधकामाचं क्षेत्रफळ सरकारी नोंदीवरून घेतलं होतं आणि नोंदीत या सगळ्या ‘तात्पुरत्या शेड’. तात्पुरत्या शेडमध्ये सासूची खाट, सुनेचं कपाट आणि नातवाचं अभ्यासाचं टेबल. तात्पुरतं म्हणे.

दुपारी मी लॉजवर गेले तर देवधर जिन्यात बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला.

“मॅडम, एसी नुसता घूं करतो आणि बंद पडतो.”

“व्होल्टेज कमी आहे. कॉम्प्रेसर उचलत नाही. पण डिमांड स्टेबल आहे ना?”

त्यांनी रुमालाने मान पुसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग त्यांना जीपमध्ये घालून आधी पोलादपूरकडच्या कापडे गावाला नेलं. एरवी तिथली निम्मी घरं कुलपात असतात. सरकारी कागदावर लोकसंख्या घटते ती अशी. पण मे महिन्यात मुंबईची पोरं बायकामुलांना घेऊन येतात आणि सगळी कुलपं निघतात. मुंबईत एसीची सवय झालेली. दोन दिवस पंख्याखाली काढतात, तिसऱ्या दिवशी टेम्पोतून एसी येतो. मग ते जातात आणि एसी भिंतीवर राहतो, पुढच्या मेपर्यंत. एका ओटीवर एक मुंबईकर बनियनवर बसला होता. देवधरांनी त्याला विचारलं, वर्षातून किती दिवस लावता हो एसी.

“पंधरा-वीस दिवस,” तो म्हणाला. “तेवढे दिवस लाईट नीट द्या ना, मॅडम. बाकीचं वर्ष तुमचंच हाय.”

देवधर जीपमध्ये बसता बसता म्हणाले, “पण वर्षाची सरासरी काढली तर हे दिसणारच नाही.”

“लग्नाच्या पंगतीसाठी भांडी आणताना तुम्ही वर्षाची सरासरी काढता का? ट्रान्सफॉर्मर सरासरीने जळत नाही. त्या पंधरा दिवसांत जळतो.”

परत येऊन आम्ही डायलिसिस सेंटरला गेलो. दुपारची पाळी चालू होती. चार मशीन, चार खाटा. कोपऱ्यातल्या खाटेवर पोलादपूरच्या एक बाई, नेहमीसारख्या एकट्याच आलेल्या. टोकाच्या खाटेवर बबन मोरे, कापड्याचेच. भातशेती करणारा माणूस, हात अजून कष्टाचे, त्यातल्या एका हातात नळ्या. आम्ही आत शिरलो आणि मागच्या खोलीतला पंप थांबला. डायलिसिसला फार शुद्ध पाणी लागतं, ते तयार करणाऱ्या यंत्राचा हा पंप. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की मोटर जळू नये म्हणून तो आपोआप बंद पडतो. पाणी बंद, की मशीन ओरडायला लागतं. चारही ओरडायला लागली.

“जनरेटर?” देवधरांनी विचारलं.

“वीज गेली तर तो चालू होतो,” डॉक्टरबाई हात न थांबवता म्हणाल्या. “वीज गेलेली नाही ना. नुसती अर्धमेली आहे. आता हाताने चालू केला तरी मशीनपुरताच, पंपाचा भार तो घेत नाही.”

त्यांनी आणि सिस्टरनी एकेकाचं रक्त परत अंगात घालायला सुरुवात केली. उपचार अर्ध्यावर थांबवून. मोरे शांतपणे छताकडे बघत होते.

“आज पन अर्धाच,” ते म्हणाले. मग देवधरांकडे बघून, “हे लायटीचे सायेब काय?”

“नाही, मी अभ्यासासाठी आलोय,” देवधर म्हणाले.

“बरं हाय. करा अभ्यास. मना पाय सुजलेत ते दिसतात, बाकी मना काय कलत नाय.”

देवधर बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी त्यांना पाणी दिलं, टोमणा दिला नाही. त्या दिवसाचा कोटा संपला होता.

त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी दुपारची पाळी बंद केली. मोरे मुंबईला मुलाकडे गेले. बाकीचे जमेल तिकडे.

देवधरांनी रिपोर्ट बदलला. महाडच्या पत्र्याखाली स्वतः थर्मामीटर लावून बसले, आमच्या फीडरची, म्हणजे शहराला वीज नेणाऱ्या लाइनची, गेल्या अनेक वर्षांतली मे महिन्याची नोंद मागवली, कापड्याची कुलपंसुद्धा मोजली. आलेख सपाट राहिला नाही, जिन्यासारखा चढत गेला. साहेबांना तो मान्य करावा लागला. मग साहेबांना तो इतका आवडला की मीटिंगमध्ये ते म्हणाले, “एक्सलंट. हीच पद्धत पूर्ण जिल्ह्याला लावा.” मी विचारलं, अलिबागलाही पत्र्याचा हिशेब? ते म्हणाले, “युनिफॉर्मिटी पाहिजे, मॅडम.” म्हणजे आता महाडच्या घामाने अलिबागचा उन्हाळा मोजायचा. रिसॉर्टवाल्यांनाही ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला. अशा ठिकाणी नोकरी करून मी निवृत्तीपर्यंत शाबूत राहिले, याचं मला आजही नवल वाटतं.

आमचा ट्रान्सफॉर्मर दिवाळीनंतर चालू झाला. साहेबांनी नारळ फोडला, अभ्यासाचं महत्त्व सांगितलं. डॉक्टरबाईंनी दुपारची पाळी पुन्हा सुरू केली. मी मुद्दाम बघायला गेले. मोरे आपल्या खाटेवर होते. मुंबईला करमलं नाही म्हणाले, मुलाच्या खोलीत गारवा होता पण पाय पसरायला जागा नव्हती. पंप सलग चालत होता. कोपऱ्यातली एक खाट मात्र रिकामी होती.

“इथे पोलादपूरच्या त्या बाई असायच्या ना?” मी विचारलं.

“हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यांना लांब नेणारं कोणी नव्हतं. पावसाळ्यात गेल्या.”

आमच्या खात्यात चूक सापडली की त्याला ‘रिव्हिजन’ म्हणतात. पान बदलतं, तारीख बदलते, सही पुन्हा होते. कागदाला त्याचं काही वाटत नाही, तो थांबतो. माणूस थांबत नाही. एवढंच मी नोकरीत शिकले, आणि त्यासाठी कुठल्या कन्सल्टन्सीची गरज नव्हती.