अण्णांची दुसरी आंघोळ

मी धुतलेल्या माणसाला त्यांनी परत धुतलं. माझ्या डोळ्यांदेखत.

एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा. बाथरूमात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेला, उघडा. मी नुकतीच त्याची घाण काढून, साबण लावून, अंग पुसून कोरडं केलं होतं. गिझरचं गरम पाणी संपलं होतं. डिसेंबरची थंडी. अन् त्याचा पोरगा, कॅनडाहून आलेला इंजिनियर, रेशमी सोवळं वर धरून बाथरूमच्या उंबऱ्यावर उभा राहिला. आत पाय ठेवला नाय. तिथूनच हात लांब करून बादलीतलं गार पाणी बापाच्या डोक्यावर ओतायला लागला. एक तांब्या. दोन. तीन. म्हातारा लटलट कापत होता.

मागून पोराची आत्या सांगत होती, "डोक्यावरून घाल. तिनं सगळीकडे हात लावलाय."

ती म्हणजे मी. मी तिथंच उभी, हातात ओला टॉवेल. पोरगा माझ्याकडं वळून हळूच म्हणला, "मावशी, मनावर घेऊ नका हं. आम्ही हे काही मानत नाही. फक्त आत्याच्या समाधानासाठी."

मानत नाय म्हणे! मग तांब्या कुणाच्या हातात होता? चार वर्षं म्हाताऱ्याची घाण काढली, कधी ओकारी आली नाय. त्या दिवशी आली.

उस्मानपुऱ्यातलं ते घर. म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे, मी बी अण्णाच म्हणायचे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. बायको गेलेली. एकच पोरगा, त्याला मी दादा म्हणायचे, तो मला मावशी. मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मावशी. म्हाताऱ्यांना सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोनं मला तिथं लावलं तेव्हा दादांनी व्हिडिओवर माझं आधार कार्ड बघितलं. आडनाव वाचलं. जरा थांबले. मग म्हणले, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही." मला तेव्हा ते लई मोठ्या मनाचे वाटले. आता वाटतं, प्रॉब्लेम नाय हे सांगावं लागतं तिथंच प्रॉब्लेम असतो.

माझा कप वेगळा होता, खिडकीतल्या कोनाड्यात. माझी खोली मुकुंदवाडीत, तिकडं फक्त रविवारी दुपारी जायचे. बाकी सहा दिवस, चोवीस तास अण्णा. नवरा वारलेला, पोरगी लग्न होऊन जालन्याला. म्हणलं, एक कप वेगळा असला तर असू दे.

दादांनी हॉलमध्ये अन् बेडरूममध्ये कॅमेरे लावले होते. तिकडून बघायचे अन् कॅमेऱ्यातूनच बोलायचे. "मावशी, बाबांच्या अंगावर पांघरूण द्या." "मावशी, पंखा बारीक करा." "मावशी, मोबाईल नंतर बघा." बाथरूमात कॅमेरा नव्हता. खरं काम तिथंच होतं, ते त्यांनी कधी बघितलंच नाय. सणावाराला नातेवाइकांना फोनवर सांगायचे, "इतक्या लांबून पण बाबांकडे माझं चोवीस तास लक्ष असतं." मी शेजारी बसून भात कालवत ऐकायचे.

अण्णा वाईट नव्हते. माझ्या डब्यातली भाकरी मागून खायचे. "बाई, ठेचा आहे का?" म्हणायचे अन् पोरासारखे हसायचे. मग कॅमेऱ्याकडं बघून आवाज बारीक करायचे, "कुणाला बोलू नका." मी नाय बोलले. मला त्यात माया दिसायची. चोरून खाल्लेल्या भाकरीला मी माया समजले, एवढी मी खुळी.

त्या हिवाळ्यात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. माणसानं हजार पुनवा बघितल्या की त्यांच्यात होमहवन करून ओवाळतात. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. कॅनडाहून दादा, वहिनी, नाशिकहून अण्णांची बहीण आत्याबाई, पन्नासेक पाहुणे. शनिवारचा मुहूर्त. महिनाभर आधीपासून अण्णांना वाती वळायची हौस. पण हात थरथरायचे, कापूस सुटायचा. मग रोज दुपारी ते पुण्या-नाशिकच्या गोष्टी सांगायचे अन् वाती मी वळायचे. त्या एक्क्याऐंशी वाती डब्यात भरून ठेवल्या. आत्याबाईंना फोनवर अण्णा म्हणाले, "मी वळल्या." मी म्हणलं, म्हाताऱ्याची हौस, म्हणू दे.

गुरुवारी सकाळी माझा फोन वाजला. गावाकडून, पैठणच्या अलीकडं आमचं गाव आहे, शेजारच्या हसीनाभाभीचा. "बाई, तुझी माय अंगणात पडली गं. उठतच नाय. कमरेला हात लावला की वरडती. मी पाणी पाजलं, चहा पाजला, पण मलाबी माझं घर हाय. तू आजच निघ."

माय घरी एकटीच. भाऊ, भावजय पोरं घेऊन ऊसतोडीला गेलेले, तिकडं कोल्हापूरकडं. दिवाळी झाली की आमच्या गावातनं ट्रक भरून माणसं जातात, मागं म्हातारी तेवढी उरतात. भावाला फोन लावला. तो फडात होता. रडायला लागला. "आक्का, मुकादम सोडंना. तू बघ गं मायला."

मी दादांकडं गेले. ते सोफ्यावर पाहुण्यांची यादी करत होते. सगळं सांगितलं. म्हणलं, चार दिवस सोडा.

"अहो मावशी, आत्ता? शनिवारी कार्यक्रम आहे."

"माय पडलीय, दादा. तिला उठता येत नाय."

"शेजारी आहेत ना तिकडे? गावात सगळे एकमेकांना बघतात. तुमच्या लोकांना सवय असते. बाबांना इथे कोण आहे?"

तो त्यांचा पोरगा, बापापासून चार हातांवर बसून मला विचारत होता, बाबांना कोण आहे! अन् मी काय केलं? मान खाली घातली. शनिवारी संध्याकाळी जाते म्हणले. हसीनाभाभीला फोन करून दोन दिवस बघ म्हणून हातापाया पडले. आज मला त्या गुरुवारची जास्त किळस येते. दादांची नाय, माझी.

शनिवारी सकाळी अण्णांना आंघोळ घातली. डायपर लावायला घेतला तर वहिनी आल्या. "डायपर नको. सोवळ्यात डायपर चालत नाही. आणि फोटोत किती फुगलेलं दिसतं!"

मी म्हणलं, "वहिनी, तीन तास बसायचंय. त्यांना कळत नाय कधी होतं ते."

"एक दिवस होईल हो काही तरी. तुम्ही बाहेर गॅलरीत थांबा. हॉलमध्ये आता सोवळ्यातले लोक असतील."

मी गॅलरीत थांबले. चार वर्षांत पहिल्यांदा, त्याच घरात असून अण्णांपासून भिंतीच्या पलीकडं. आत गुरुजींचे मंत्र, धूर, फोटोग्राफरचा लाईट. दीड तास गेला. मग मंत्र थांबले. कुजबूज. कुणीतरी खिडकी उघडली. वहिनींनी पदर नाकाला लावलेला मला काचेतून दिसला. अन् दादांचा तोच कॅमेऱ्यातला आवाज, "मावशीऽऽ!"

मी आत गेले. पन्नास माणसं मागं सरकून भिंतीला चिकटलेली. मधे पाटावर अण्णा, मान खाली, रेशमी सोवळं भरलेलं. पोरगा तीन हातांवर. एकानं पुढं होऊन म्हाताऱ्याला हात दिला नाय. रक्ताची माणसं हो! मी अण्णांना काखेत धरून उठवलं, बाथरूमात नेलं, धुतलं. मग ती दुसरी आंघोळ झाली, जी सुरुवातीला सांगितली.

त्या दुसऱ्या आंघोळीत अण्णा दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले.

त्यांना दुसरं धोतर नेसवून परत पाटावर बसवलं. आत्याबाई हातात फुलपात्र घेऊन मी चालले त्या वाटेवर गोमूत्र शिंपडत आल्या. माझ्या पायाशी येऊन थांबल्या. "तू जा आता गॅलरीत. पुन्हा लागलीस तर हाक मारू."

लागलीस तर. खराटा लागतो तसं. तेवढ्यात आत ताटात दिवे लावायची तयारी चालली होती. माझ्या वाती तुपात भिजत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं अंगणात पडलेली माय आली अन् माझं तोंड आपोआप उघडलं.

"आत्याबाई, त्या एक्क्याऐंशी वाती मी वळल्यात. ह्याच हातांनी. त्या बी टाकून द्या मग."

वहिनी म्हणाल्या, "काहीतरीच काय? बाबांनी वळल्यात त्या." दादांनी विचारलं, "बाबा, हे खरंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर चांगली होती, डोकं शाबूत होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या साहेबांची नावं सांगायचा हा माणूस. म्हणाला, "मला आठवत नाही."

आत्याबाईंनी दिव्यांकडं बघितलं, फोटोग्राफरकडं बघितलं, मग गुरुजींना म्हणाल्या, "चालू द्या. उशीर होतोय. अग्नीत सगळं शुद्ध होतं."

तेव्हा मला उमगलं. चाळीस वर्षं जे कोडं वाटत होतं ते एका मिनिटात सुटलं. ह्यांचा विटाळ ह्यांच्या सोयीनं लागतो अन् सोयीनं फिटतो. म्हातारा गारठला तर गारठू दे, त्याला पाणी ओततील. पण फोटो थांबायला नको. ह्यात ना देव आहे, ना धर्म. नुसता माज आहे. अन् ह्या माजाला मी चार वर्षं आपलं नशीब समजून पुसत बसले होते.

मी पिशवी उचलली. जिन्यात दादा मागं पळत आले. "मावशी, असं मध्येच सोडून कसं जाता? बाबांना कोण बघणार?"

मी म्हणलं, "वर पन्नास माणसं आहेत. माझ्या मायजवळ घरचं एक बी नाय. अन् मला मावशी म्हणू नका. मी तुमच्या आईची बहीण असते तर तुम्ही मला गॅलरीत उभं केलं नसतं."

रेल्वे स्टेशनापाशी पैठणची एसटी धरली. ऊन उतरायच्या आत गावात पोचले.

माय वाकळेवर पडलेली. दोन दिवसांचं सगळं अंगाखाली. हसीनाभाभीनं जमेल तेवढं पुसलं होतं, पण तिला एकटीला माय कुशीवर होईना. पाठीला फोड आलेले. वास दारापर्यंत. मायनं डोळे उघडले अन् पहिलं काय विचारावं? "रजा दिली का गं त्यांनी?"

मी रडले नाय. मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्याच्या बापाला मी दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचे, पावडर लावायचे, चार वर्षांत एक फोड येऊ दिला नाय. अन् ज्या बाईनं मला जन्म दिला ती दोन दिवस घाणीत, का? तर मला "नाय" म्हणता आलं नाय म्हणून. भाभीनं पाणी तापवलं. दोघींनी मिळून मायला धुतलं. तिनं पायाकडून धरलं, मी डोक्याकडून. भाभीनं माझी जात विचारली नाय, मी तिची. दुसऱ्या दिवशी जीप करून मायला शहरात सरकारी दवाखान्यात आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आता ती मुकुंदवाडीत माझ्या खोलीत आहे.

आठवड्यानं दादांचा फोन आला. परवाचं विमान होतं. ब्युरोची दोन माणसं येऊन पळाली होती. म्हणले, पगार वाढवतो, रविवार पूर्ण देतो. मग त्यांनी फोन अण्णांकडं दिला.

"बाई, वाती तुम्हीच वळल्या होत्या. मला आठवतंय. या ना."

त्यांचा आवाज फाटला होता. माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू? चार वर्षं भरवलेला माणूस. पण मी म्हणलं, "अण्णा, हे त्या दिवशी पन्नास माणसांत बोलायचं होतं. आता तुमच्या पोराला बोलवा. त्याला म्हणावं, जवळ ये अन् हात लाव." अन् फोन ठेवला.

दादा कॅनडाला गेले ह्याचा मला राग नाय. पोटासाठी माणूस जातो, माझा भाऊ बी गेलाय, तो उसाच्या पाचटावर निजतो अन् रोज सांजच्याला मायची चौकशी करतो. राग ह्याचा आहे, की त्यांना वाटलं बाप त्यांनाच असतो, आम्हाला नसतो. आम्हाला फक्त सवय असते.

मी हे काम सोडणार नाय. म्हातारी माणसं धुणं हे माझं काम आहे अन् मला ते चांगलं येतं. सोमवारी सिडकोत एक घर बघायला जायचंय. कॅनडा नाय, तिथली पोरं पुण्याला आहेत म्हणे. काम फक्त दिवसाचं, सांजला मी मायजवळ. दारातच सांगणार आहे. आधी माझी जात. मग म्हणणार, तुमच्याच कपात चहा पिणार, तुमच्याच बाथरूमात हात धुणार. मायला काय झालं तर त्याच घटकेला निघणार, विचारणार नाय, नुसतं सांगणार. कबूल असेल तर म्हाताऱ्याला लेकरागत सांभाळीन. नसेल तर दार लावून घ्या, अन् तुमचा बाप तुम्ही धुवा.