निजवलेला चिखल

माझी मोठी जाऊ विधवा आहे आणि तिचं पोट खाडीवर चालतं. ओहोटी लागली की टोपली घेऊन चिखलात उतरायचं, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. आळीतल्या आम्ही सगळ्याच उतरतो, पण आमच्या घरात दुसरं कमावणारं माणूस आहे. तिला कोणी नाही.

आमच्यात रीत आहे. होळी झाली की पावसाळा लागेपर्यंत चिखल निजवायचा. म्हणजे कोणी पाऊल टाकायचं नाही, पिल्लं वाढू द्यायची. तेवढे दिवस जाऊ सुक्या मासळीवर काढते, पण उतरत नाही. एकदा एका नव्या सुनेने कालवणापुरत्या चार उकरल्या, तर जावेने तिची अशी खरडपट्टी काढली की पोर कितीतरी दिवस नळावर दिसली नाही.

गेल्या वर्षी नेमकी चिखल निजवलेल्या दिवसांत नगरपरिषदेची माणसं आली. शहराचा धूर म्हणे शून्यावर आणायचा. कचऱ्याच्या गाड्या विजेवर आणल्या, कार्यालयाच्या छपरावर सोलर बसवलं, तरी पंपांचा नि जनरेटरचा धूर उरलाच. त्या उरलेल्या धुराच्या बदल्यात खाडीत तिवरांची झाडं लावायची, ती कार्बन शोषून घेतात. घेत असतील. वादळात तिवरांनीच आमची घरं राखली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण धूर यांचा आणि भरपाईला चिखल आमचा, हा कुठला न्याय? त्यांनी चिखल पाहिला, मोजला, माणूस दिसलं नाही, झाली जागा मोकळी. आम्हाला वाटलं, मोजतायत तर मोजू देत. साहेबलोक सारखंच काहीतरी मोजत असतात.

पाऊस लागला आणि बाहेरच्या मजुरांनी येऊन आमच्या चिखलात रोपं खोचली. आम्ही टोपल्या घेऊन गेलो तेव्हा जाळीचं कुंपण होतं आणि दारात रखवालदार.

कार्यालयात गेलो. साहेब तरुण, बोलायला गोड. चहा पाजला.

“मावशी, लावलेली तिवरं उपटणं गुन्हा आहे,” ते म्हणाले. “आणि आमची माणसं पाहून गेली होती. तिथे कोणीच काम करत नव्हतं.”

“आमी उतरत न्हवतो, म्हनून तर तिसऱ्या व्हत्या,” जाऊ म्हणाली.

साहेबांना कळलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण कळून काय उपयोग? मला असा संताप आला की चहा तसाच ठेवून उठले.

यंदा होळी झाली. खाडीच्या पलीकडचा अरुंद पट्टा तेवढा उरलाय. तो निजवायचा का, म्हणून आळीतल्या बायका बसलो. निजवला तर पुन्हा कोणीतरी येणार आणि रिकामा म्हणून घेऊन जाणार. चिखलात माणसं दिसलीच पाहिजेत, हे पहिल्यांदा जाऊच बोलली. कोणी तिच्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात सगळ्या उतरलो. हाताला लागत होत्या त्या नखाएवढ्या तिसऱ्या. उकडल्या तर आत काही सापडणार नाही, बाजारात कोणी हात लावणार नाही. काठावर नगरपरिषदेची गाडी येऊन थांबली होती. मी मूठभर पिल्लं परत चिखलात सोडायला वाकले, तर जावेने माझं मनगट धरलं.

“टोपलीत टाक,” ती म्हणाली. “ते बगतायत.”