आधी पाणी, मग वही

कुसुमताई आरेकरांची आणि माझी पहिली भेट रद्दीमुळे झाली. मुलीची शाळेची जुनी पुस्तकं रद्दीवाल्याला द्यायचं जिवावर आलं, म्हणून ती पिशवीत भरून मी भाईंदर पश्चिमेला एका बेकरीच्या मागच्या खोलीत नेऊन दिली. तिथे गरिबांसाठी काहीतरी काम चालतं, एवढंच ऐकून होतो. ताईंनी प्रत्येक पुस्तक उलटून पाहिलं, फाटलेली दोन मला परत केली आणि विचारलं, "रविवारी काय करता?" मी विमा कंपनीतला कारकून. रविवारी झोपतो, हे खरं ते सांगून टाकलं. "मग दहाला या," त्या म्हणाल्या. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. त्यानंतर एकही रविवार मी झोपून काढल्याचं मला आठवत नाही.

त्या वेळी संस्था म्हणजे ती एक खोली, दोन सतरंज्या, एक जाडजूड वही आणि शाळेची नोकरी सोडून आलेल्या कुसुमताई. आज चौक गावापासून वरसाव्यापर्यंत आणि पुढे थेट कोकणातल्या गावांपर्यंत संस्थेची केंद्रं आहेत. शेकडो घरांतली मुलं शिकली, बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि यातली बहुतेक केंद्रं आज त्याच बायका चालवतात. ताईंच्या या गौरवग्रंथात हे सगळं इतर मंडळी सविस्तर लिहितीलच. मला लिहायचं आहे ते संस्थेच्या एका नियमाबद्दल, जो मी पहिल्याच महिन्यात मोडला.

नियम असा होता. कुणाच्याही घरी गेलात की आधी प्यायला पाणी मागायचं. ते पिऊन होईपर्यंत वही उघडायची नाही, अडचणीचं विचारायचं नाही. मला वाटलं, जुन्या वळणाच्या बाई आहेत, शिष्टाचार सांगतायत. त्यात माझं पोट नाजूक. बायको मला घरून उकळलेल्या पाण्याची बाटली देत असे आणि ती खांद्याला अडकवूनच मी वस्त्यांमधून फिरत असे.

वरसाव्याला सुनंदाबाई पवार राहत होत्या. मूळच्या गुहागरकडच्या. नवरा बांधकामावरून पडून गेला होता आणि त्या भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जात. थोरली अश्विनी हुशार मुलगी, दहावीचं वर्ष, पण महिनाभर शाळेत न जाता आईबरोबर कारखान्यात जात होती. महिनाअखेरीस तिचं नाव पटावरून कमी होणार होतं. मी गेलो तेव्हा सुनंदाबाईंनी लख्ख घासलेल्या पेल्यातून पाणी आणलं. मी बाटली उंच करून दाखवली, "नको, माझ्याकडे आहे," म्हणालो आणि वही उघडली. घरात माणसं किती, कमावतं कोण, अडचण काय. पेला हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं भागतंय. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या." मी वहीत 'मदत नको' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. एका सकाळीत सहा घरं उरकल्याचा मला अभिमानसुद्धा वाटत होता.

ताईंनी ती ओळ वाचली आणि एवढंच विचारलं, "पाणी प्यायलात?"

मी बाटलीकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला त्यांचीच फजिती सांगितली. काम सुरू केलं तेव्हा त्या चौकला एका कोळी म्हातारीकडे कपड्यांचं गाठोडं घेऊन गेल्या होत्या. म्हातारीने पाणी पुढे केलं. घाईत होत्या म्हणून ताई नको म्हणाल्या. तेव्हा म्हातारीने ते गाठोडं उचलून दाराबाहेर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या घरचं पानी तुला चालत न्हाय, मंग तुझं कापड मना कशाला चालंल?" ताई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पाणी मागून घेतलं. तो नियम त्या दिवसाचा. "सामंत, आपण जातो तेव्हा त्या घरात देण्यासारखं पाणीच असतं बघा," ताई म्हणाल्या, "तेच नाकारलं तर ती बाई आपल्याकडून कोणत्या तोंडाने घेणार?"

पुढच्या रविवारी मी बाटली आणि वही दोन्ही घरी ठेवून वरसाव्याला गेलो. दारातच पाणी मागितलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "आज बाटली विसरलात वाटतं." मी म्हटलं, मुद्दाम ठेवून आलोय. पाणी प्यायलो, उठलो, आलो. त्या पुढच्या रविवारी पाण्यानंतर चहा आला, गुहागरच्या गोष्टी निघाल्या, पण शाळेचा शब्द नाही. महिना संपायला चार दिवस उरले होते आणि माझा धीर सुटत चालला होता. ताईंना म्हटलं, आता सरळ विचारतो. त्या म्हणाल्या, विचारायचं नाही, फक्त जायचं. कामावरून रजा काढून मी मधल्याच वारी गेलो. चहाचा कप खाली ठेवताना सुनंदाबाई म्हणाल्या, "वही नाही आणलीत?" मी इतका गडबडलो की वही आणायला रिक्षाने भाईंदरला येऊन परत गेलो. नाव वहीत आलं, संस्थेची मदत ठरली आणि दुसऱ्या दिवशी अश्विनी वर्गात बसली.

आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक प्रश्न असतोच, तुम्हाला काय येतं? सुनंदाबाईंनी लिहायला सांगितलं, "चाळीतलं घर न् घर ओळखता येतं." दोन वर्षांत त्या आमच्याबरोबर घरोघरी पाणी पीत हिंडू लागल्या आणि पुढे वरसाव्याचं केंद्र त्यांच्याच हाती आलं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं चालवतात, हे मी इथे जाहीरपणे कबूल करतो.

या नियमातून ताईंनी कुणालाच सूट दिली नाही. एका मोठ्या कंपनीचे साहेब सभागृहात कार्यक्रम ठेवून, हार घालून मदत द्यायला निघाले होते. ताईंनी त्यांना राई गावातल्या एका घरी नेऊन जमिनीवर बसवलं आणि मोरीशेजारच्या माठातलं पाणी प्यायला लावलं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कार्यक्रम काही झाला नाही, मदत मात्र आली. आता ते साहेब निवृत्त होऊन राईच्या केंद्रात मुलांना गणित शिकवतात.

आणि मलाही सूट मिळाली नाही. माझी पत्नी आजारी पडली आणि ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी घरात नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो. ताई आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सामंत, चहा टाका." मी आयुष्यात चहा केला नव्हता. दूध उतू गेलं, साखर दोनदा पडली. ताईंनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि मग विचारलं, इस्पितळात कोण कोण लागेल. तोपर्यंत माझे हात पुन्हा कामाला लागले होते. त्या दिवसाचं ऋण मी विसरू शकत नाही. पत्नी आज खुटखुटीत आहे आणि त्या चहाची आठवण चारचौघांत काढून मला छळते.

आता यंदाची गोष्ट, जी ताईंना छापलेली आवडणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ताई घरी आल्या. दुसरा मजला, एकट्या राहणाऱ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की वेळेत पाय हलवला नाही तर गुडघा आखडेल आणि मग जिना उतरणं कायमचं बंद. व्यायाम करवून घ्यायला कुणी यायचं म्हटलं तर ताई नको म्हणत. डबा नको, सोबत नको. ज्या बाईंनी उभा जन्म दुसऱ्यांची दारं वाजवली, त्या आपलं दार किलकिलं करून सांगत, "माझं भागतंय." मी दोनदा परत आलो आणि मनातून घाबरलो. ताई वस्तीत पुन्हा दिसणार नाहीत, हा विचारच सहन होत नव्हता.

सुनंदाबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. तिसरी अश्विनी. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे आणि मिरा रोडला तिचं स्वतःचं क्लिनिक आहे.

ताई वॉकर समोर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. सुनंदाबाई सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तहान लागलीय. पाणी द्या." मी आणायला उठणार तोच त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. ताईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं. मग वॉकर धरून उठल्या. स्वयंपाकघरापर्यंत पंधरा पावलं. एका हाताला वॉकर, म्हणून एका वेळी एकच पेला. तीन माणसं, तीन खेपा. अश्विनी त्यांच्या पावलांवर नजर ठेवून शेजारून चालत होती. तिसरा पेला माझा होता. तो हातात घेताना मला रडू आवरलं नाही आणि मी आवरलंही नाही.

ताई खुर्चीत बसल्या, घाम पुसला आणि हसायला लागल्या. "चांगलं शिकलात गं," म्हणाल्या. सुनंदाबाईंनी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि अगदी परक्या घरी विचारावं तसं विचारलं, "नाव?"

"कुसुम आरेकर."

"काय येतं?"

ताईंनी आमच्या रिकाम्या पेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिही. पाणी देता येतं."

अश्विनी तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्याकडे जाते. गेल्या आठवड्यात ताई जिना उतरून रिक्षाने वरसाव्याला गेल्या आणि केंद्रातल्या पोरींनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ताई, तुमचं नाव आता आमच्या वहीत आहे आणि वहीतल्या माणसाला आम्ही सहजासहजी सोडत नाही, हे तुम्हीच ठरवून दिलेलं आहे. तुमचे गुडघे धडधाकट राहोत, तुमच्या आवाजातली जरब तशीच राहो, शंभरीचा ग्रंथही आम्हालाच काढायला मिळो. तोवर रविवारी दहाला आम्ही येत राहू. आमच्यासाठी पाणी भरून ठेवा.