मुद्देमालाने घातलेली अंडी

ती घटना आठवली की अजूनही आधी डोळ्यांसमोर येतो तो आमच्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतला निळा टब. आजूबाजूला जप्त केलेल्या बॅटऱ्या, तांब्याच्या तारा, हातभट्टीचे कॅन. आणि मधोमध पाण्यात नांग्या उगारून बसलेला एक प्राणी. बोकड आणि कोंबड्या जप्त करायची वेळ माझ्यावर पूर्वी आली होती, पण पाण्यात राहणारा मुद्देमाल तो पहिला आणि शेवटचा.

तेव्हा माझी नेमणूक आळंदीच्या बाजूच्या एका ठाण्यात होती. चऱ्होलीच्या नव्या सोसायट्या आमच्या हद्दीत यायच्या. एके सकाळी त्यातल्याच एका सोसायटीतले गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. मूळचे गावातलेच, जुन्या बागायतदार घरातले. जमीन बिल्डरला दिली, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि वाहतुकीचा धंदा सुरू केला. हॉलची अख्खी भिंत अडवणारी माशांची टाकी हा त्यांचा जीव की प्राण. एका भागात रंगीत मासे आणि काचेच्या पडद्यापलीकडे क्रेफिश. क्रेफिश म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. कोळंबीचं अंग आणि खेकड्याच्या नांग्या, अंगावर संगमरवरासारखी नक्षी. मोठी मादी आणि तिची पंचवीस-तीस पिल्लं टाकीतून नाहीशी झाली होती. मासे जागेवर, दाराचं कुलूप शाबूत.

त्यांचा संशय पक्का होता. दर आठवड्याला टाकी साफ करायला एक तरुण यायचा. हे पती-पत्नी लग्नाला साताऱ्याला गेले होते, त्याच दिवशी तो येऊन गेला. घरी त्यांचे वडील तेवढे होते, पण दार उघडून देऊन ते दुपारचे झोपले होते. तक्रारदारांचं म्हणणं एकच, गुन्हा दाखल करा आणि त्याला उचला.

मी अर्ज ठेवून घेतला आणि आधी चौकशी करतो म्हणालो. ते त्यांना आवडलं नाही. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला आपला चोर आपल्यालाच ठाऊक असतो आणि पोलीस उगाच वेळ काढतायत असं वाटतं. त्यांच्या बाजूने दोन फोनही आले. फोन आला की मी फक्त ‘हो साहेब’ म्हणायचो आणि माझं काम माझ्या पद्धतीने करायचो.

खबर मात्र लवकर मिळाली. चिंचवडमध्ये रंगीत मासे विकणारे एक चाचा माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी सांगितलं, चाकणजवळच्या कुरुळीहून एक पोरगा आला होता, असलीच पिल्लं घ्याल का विचारत होता. आम्ही तिथल्या ठाण्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि कुरुळीत पोहोचलो. कंपनीतल्या कामगारांच्या रांगेने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. तिसऱ्या खोलीत तोच टाकी साफ करणारा तरुण शिफ्टवरून येऊन नुकताच जेवायला बसला होता. कोपऱ्यात एक जुनी, कडेला चिकटपट्टी लावलेली काचेची टाकी, आणि तिच्यात एक मोठी मादी आणि पुष्कळ पिल्लं.

तक्रारदारांना बोलावून दाखवलं. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, हीच माझी. नक्षी तीच, आकारही तोच. मादीची एक नांगी दुसरीपेक्षा बारीक होती, त्याबद्दल मात्र त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं. मी ते पंचनाम्यात लिहून घेतलं आणि संशयित मालमत्ता म्हणून सगळं ताब्यात घेतलं. त्या तरुणाने जेवण अर्धं टाकून हात धुतला आणि आमच्या बादलीत मुकाट्याने त्याच्या टाकीतलंच पाणी भरलं. नळाचं घालू नका, मरतील, एवढंच तो म्हणाला.

हा मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर ऑपरेटर, आणि सुट्टीच्या दिवशी टाक्या साफ करायचं काम. मी त्याला चौकशीला बसवला तेव्हा कळलं की कंपनी त्याला कायम करणार होती आणि त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली होती. अर्ज आमच्याच खात्याकडे पडून होता. कायम झालो की बायको-लेकराला गावाकडनं आणायचं, खोलीसुद्धा बघून ठेवलीय, असं तो सांगत होता. चोरीचा गुन्हा दाखल झाला असता तर त्या पडताळणीत तो दिसला असता आणि नोकरी तिथेच संपली असती. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तक्रारदारांना माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांना फरक पडला असता असं तेव्हा वाटत नव्हतं.

त्याने सांगितलेली हकीगत अशी. बऱ्याच महिन्यांपूर्वी तक्रारदारांच्या टाकीतल्या एका पिल्लाच्या दोन्ही नांग्या भांडणात तुटल्या. मालक म्हणाले, हे लुळं झालं, टाकून दे. याला टाकवेना. डब्यात घालून खोलीवर आणलं. कात टाकत टाकत ते मोठं झालं, नांग्या परत आल्या, त्यातली एक बारीक राहिली. पुढे त्यालाच पिल्लं झाली.

इथवर मी ऐकून घेतलं. मग विचारलं, नर कुठून आणलास?

“नर नव्हता साहेब.”

मुद्देमाल सांभाळणाऱ्या आमच्या हवालदार बाई शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. मी आवाज चढवला नाही. मारझोडीने माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो, आणि त्याचा पुढे काही उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि त्याला वाट काढून दिली. म्हटलं, अरे, असेल की एखादा नर, पिल्लं झाल्यावर मेला असेल, तू टाकून दिला असशील, आठवून बघ.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. “न्हाई साहेब. एकटीच होती. मलाबी कळंना कशी झाली. पण खरं तेच सांगायलोय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून विचारलं, वेगळ्या अंगाने. उत्तर तेच, एक शब्द कमी-जास्त नाही. आता या नोकरीत मी खोटं बोलणारी माणसं पोटभर पाहिली होती. खोटं बोलणारा नेहमी पटेल असंच बोलतो, निम्मी मेहनत तो त्यावरच घेतो. या माणसाला मी पटण्यासारखं खोटं आयतं हातात दिलं होतं. ‘नर मेला’ एवढे दोन शब्द म्हटले असते तर मी तरी काय करणार होतो? आणि हा लेकाचा नोकरी पणाला लागलेली असताना ते परत करत होता. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी तो खरं बोलतोय असंही वाटायला लागलं. पण वाटण्यावर कागद होत नाही.

तोवर मुद्देमाल खोलीत वेगळाच घोळ सुरू होता. पिल्लं एकमेकांना खात होती. पंचनाम्यातला आकडा रोज चुकू लागला तशा हवालदार बाई हवालदिल झाल्या. मुद्देमाल मुद्देमालाला खातो हे नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहू, असं त्यांनी मला विचारलं. शेवटी त्याच तरुणाला फोन केला. लपायला जागा द्या, प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे टाका आणि आईला वेगळी काढा, असं त्याने सांगितलं. बाईंनी मादीला निळ्या टबात एकटीला ठेवलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. वर तिला रोज उकडलेल्या गाजराची चकती. नवऱ्याला डबा देताना करत नसतील इतकं कौतुक त्या तिचं करायच्या.

काही आठवड्यांनी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “साहेब, जरा चला. हिला अंडी झालीत.”

मी जाऊन पाहिलं. मादीच्या शेपटीखाली बारीक मण्यांचा घोस लागला होता. मत्स्य खात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला मी फोटो पाठवला. ते म्हणाले, ही एक जातच अशी आहे, हिच्यात नर नसतोच, सगळ्या माद्या, एकटीच अंडी घालते आणि पिल्लं हुबेहूब आईसारखी निघतात. म्हणजे तक्रारदारांनी छातीठोकपणे ओळखलेली नक्षी त्या जातीच्या प्रत्येकीच्या अंगावर असणार होती. त्यांच्या मादीलाही नर कधी नव्हता, ती दुकानातूनच गाभण आली असं ते समजत होते. आणि बारीक नांगीबद्दल तक्रारदार का बोलले नव्हते त्याचाही आता उलगडा झाला, ही त्यांची हरवलेली मादी नव्हतीच. माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं हे कबूल करतो.

पण मग तक्रारदारांचे क्रेफिश गेले कुठे? मी सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण परत मागवलं. आधी पाहिलं होतं तेव्हा आम्ही त्या तरुणाला शोधत होतो. तो आला, लिफ्टने वर गेला, खाली उतरला, झालं. या वेळी मी तो गेल्यानंतरचं पाहत बसलो. थोड्या वेळाने लिफ्टमध्ये तक्रारदारांचे वडील दिसले. हातात स्टीलची बादली, बादलीवर ओला पंचा पसरलेला. पाण्याची बादली कुणी असा पंचा झाकून नेत नाही.

मी साध्या वेशात, तक्रारदार कामावर असतील अशा वेळी त्यांच्या घरी गेलो. सगळी सोसायटी त्यांच्या वडिलांना आण्णा म्हणायची. त्यांची कॉट टाकीसमोरच होती. मी पाणी मागितलं, प्यायलो, आणि म्हटलं, आण्णा, बादलीत काय नेलं होतं त्या दिवशी?

आण्णांनी एकदा टाकीकडे पाहिलं. मग उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि चला म्हणाले. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात बिल्डरने शोभेसाठी राखलेली त्यांच्याच शेतातली जुनी विहीर होती. वर लोखंडी जाळी, जाळीला एक झडप. आण्णांनी खिशातून दोरी काढली, टोकाला सुक्या बोंबलाचं डोकं बांधलं आणि झडपेतून खाली सोडली. वर ओढली तेव्हा बोंबलाला घट्ट धरून एक नक्षीदार क्रेफिश लोंबकळत वर आला.

“म्याच टाकली हिरीत,” आण्णा म्हणाले. “आई पोटच्या पिल्लाला खाताना बघितली. रोज समोर बसून त्येच बघायचं. काचेत कोंडल्यावर जनावर दुसरं काय करंल? इथं मोकळं पानी हाय.”

मुलाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्याचा जीव त्या काचेत होता, आपल्यावर आवाज चढवला असता, आणि या वयात पोराचा आवाज सोसत नाही, असं ते म्हणाले. त्या टाकीवाल्याला नुसतं विचारून सोडून दिलं, असं मुलाने त्यांना सांगितलं होतं. मग मी त्यांना पडताळणीचं सांगितलं. बायको-लेकराचं, बघून ठेवलेल्या खोलीचंही सांगितलं. आण्णा विहिरीच्या कठड्यावर बसले ते उठेचनात.

संध्याकाळी ते आपणहून ठाण्यात आले. मुलाला सोबत घेऊन. त्या तरुणालाही बोलवा म्हणाले. तो येईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. मग तिघांसमोर, उभ्यानेच बोलले.

“चोर म्या हाय. ह्या पोराच्या कागदावर जे काय लिवायचं आसंल, ते माझ्या नावावर लिवा.”

तक्रारदार खाली मान घालून बसले होते. माझी समजूत होती की ते वडिलांवर भडकतील. ते उठले, वडिलांना खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, साहेब, तक्रार मागे घेतो, काय लिहून देऊ? त्या तरुणाकडे मात्र त्यांना पाहवत नव्हतं. माझं अर्धं आयुष्य माणसांची तोंडं वाचण्यात गेलं आहे, त्यामुळे ते मी जाणलं आणि दोघांना बाहेर चहाला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी आण्णांना रिक्षात बसवलं आणि दोघे एकाच मोटारसायकलवरून निघून गेले.

घरच्या माणसाने घरचे प्राणी घरच्या जुन्या विहिरीत सोडले, यात गुन्हा होत नव्हता. चौकशी बंद केली. पडताळणीचा अर्ज मी स्वतः पाठपुरावा करून निरंक, म्हणजे कोणताही गुन्हा नाही असा, पाठवला. त्या तरुणाला मुद्देमाल परत देताना मात्र बाईंची आणि माझी तारांबळ उडाली, कारण अंडी फुटली होती आणि घेतला त्यापेक्षा जास्त परत जात होता.

एक काम राहिलं होतं. मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याने बजावलं होतं की हे प्राणी विहिरीत राहू देऊ नका. पावसात विहीर भरून वाहिली आणि एक जरी इंद्रायणीत उतरली तरी ती एकटीच नदी भरून टाकेल. घरी पाळा, पण झाकणाच्या टाकीत, आणि सोडायचा मोह टाळा. आण्णांना हे पटायला वेळ लागला. पटल्यावर दर रविवारी ते, त्यांचा मुलगा आणि तो तरुण विहिरीवर दोऱ्या सोडून बसू लागले. काढलेल्यातल्या काहींचं कालवण झालं असं कानावर आलं. त्याची चौकशी मी केली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते पुढे नोकरीभर उपयोगी पडलं. समोरचा न पटणारं सांगत असेल तर मी आधी एवढंच बघायचो, की याच्या हाताशी याहून सोपं खोटं होतं का? होतं आणि तरी त्याने ते घेतलं नसेल, तर मी पेन खाली ठेवायचो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायचो. आपण पाहिलेलं नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. असं नुसतं म्हणायला काही लागत नाही, पण एखाद्याची नोकरी त्यावर टांगलेली असते तेव्हा ते पाळायला फार कष्ट पडतात.

एका रविवारी मी सहज तिथून जात होतो म्हणून विहिरीकडे वळलो. तिघेही दोऱ्या सोडून बसले होते. मला बघून तो तरुण उठला आणि म्हणाला, “कायम झालो साहेब. पुढच्या आठवड्यात घरच्यांना आणायलोय.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आण्णा ऐकत होते. त्यांनी दोरी बाजूला ठेवली, दोन्ही हात धोतराला पुसले आणि नातवाच्या वयाच्या त्या तरुणापुढे जोडले.

तरुण पार अवघडून गेला. त्याने ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि त्यांना खाली बसवत तो म्हणाला, “आण्णा, दोरी धरा की. मोठं लागलं व्हतं बघा.”