पारडी बदलून

वसंता गेल्याचं त्याच्या मुलीनं, नीलानं, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले. झोपेतच." मी नुसतं "बरं" म्हणालो. असल्या वेळी काय बोलावं, ते मला या वयातही जमत नाही... त्याला आता महिना होईल.

आम्ही दोघं बडोद्यात एकाच विभागात भौतिकी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एकाच गणिताच्या मागे असायचो. अणुकेंद्रातलं द्रव्य अमर्याद पसरलं, तर त्यातले असंख्य कण एकमेकांना किती घट्ट धरतील? सापेक्षतावाद धरून मांडलं की एक प्रचंड ओढ निघते आणि जवळजवळ तेवढाच प्रचंड रेटा. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, चिमूटभर फरक उरतो. "त्या चिमटीवर सगळं उभं आहे, सदा," वसंता म्हणायचा.

रविवारी आम्ही खंडेराव मार्केटात जायचो. भाजीवाल्या शांताबेननं वांगी तोलली की वसंता पारडी बदलायला लावायचा. वांग्यांच्या जागी वजन, वजनाच्या जागी वांगी. तराजूत खोट असली तर अशी उघडी पडते. "साहेब, फरी पाछुं?" पुन्हा तेच, म्हणून शांताबेन कपाळाला हात लावायची. मी आपला ओशाळून मिरच्यांकडे बघत राहायचो.

आमचं उत्तर आलं तेव्हा मला पेपर पाठवायची घाई. वसंता म्हणाला, "दुसऱ्या वाटेनं करून बघू. फरक एवढा बारीक, तिथं आपलीच चूक उत्तर होऊन बसली असेल तर?" दुसऱ्या वाटेनं वर्ष खाल्लं. उत्तर तेच आलं. दरम्यान परदेशातल्या एका गटानं ते छापून टाकलं होतं. पहिलं असण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच योग, तोही हुकला. मी ताडताड बोललो. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "आता आपल्याला माहीत तरी आहे." मैत्री टिकली, पण तो राग माझ्या मनातून गेला नाही. वसंता गेल्यावरही नाही.

परवा रविवारी एकटाच मार्केटात गेलो. आता बहुतेकांकडे विजेचे काटे आहेत, शांताबेनचा तराजू जुनाच. तिला वसंताचं सांगितलं. तिनं वांगी तोलली. मी पिशवी पुढे केली, तर तिनं मी न सांगताच पारडी बदलली आणि पुन्हा तोलली. काटा अगदी मधोमध थांबला.

"बराबर छे," ती म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हणालो... आणि मला पिशवीचं तोंड धड दिसेना.